लाइट नसलेल्या घराचं पाणी आणि गॅस : कोटेशनच्या आधीचे तीन हिशोब

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट सांगितली, "सर, आकडे फार भराभर सांगितलेत, लिहून द्या." बरोबर आहे. बोलताना मी सुटतो. म्हणून आज तोच विषय सावकाश घेऊ. वही-पेन घेऊन बसा, कारण आज गुणाकार-भागाकार आहे.

नवीन असाल त्यांच्यासाठी सांगतो. भोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं प्लंबिंग-सॅनिटरीचं दुकान आहे. बीबीए केलं तेव्हा वाटलं होतं कुठल्यातरी एसी ऑफिसात बसेन. बसलो गल्ल्यावर. तक्रार नाही, कारण धंदा म्हणजे काय ते तिथेच कळलं.

तर झालं असं. एक काका दुकानात आले. नुकतेच रिटायर झालेले, डोंगराच्या उतारावर दोन खोल्या आणि ओटा असं घर बांधलेलं. लाइटचा खांब दीड किलोमीटर लांब. खिशातून मोबाइल काढला आणि अमेरिकेतल्या एका जंगलातल्या घराचा व्हिडिओ दाखवला. घरामागे पांढराशुभ्र लांबट टँक. म्हणाले, "हे बघ, प्रोपेनचा टँक. अशीच सिस्टीम मला करून दे. किती होतील?"

"किती होतील?" या प्रश्नाला लगेच आकडा सांगितलात की तुम्ही संपलात. आधी हिशोब, मग भाव.

आधी प्रोपेनचा गोंधळ मिटवू

असे व्हिडिओ बघून येणारे ग्राहक वाढलेत, म्हणून हे पाठ करून ठेवा. आपल्या घरातला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतं, म्हणजे बर्फ पडणाऱ्या मुलखात त्याचा वायूच होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं. त्यामुळे तिकडच्या थंडीत घरामागे प्रोपेनचा टँक दिसतो. भोर-मुळशीत उणे काही होत नाही, आपला लाल सिलिंडर इथे व्यवस्थित चालतो. काकांना एवढंच सांगितलं : टँक विसरा, सिलिंडर कुठे ठेवायचा ते ठरवू. आणि परदेशी प्रोपेनचा रेग्युलेटर किंवा होज ऑनलाइन मागवू नका, तो आपल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसत नाही. कुणीतरी जुगाड करून बसवतो आणि मग गळती.

पहिला हिशोब : पाणी किती, आणि कधी

ग्राहक म्हणतो, "आम्ही दोघंच असतो." तुम्ही विचारायचं, "आणि शनिवार-रविवार?" काकांच्या घरी शनिवारी मुलगा, सून, दोन नातवंडं. म्हणजे सहा माणसं. माणशी १०० लिटर धरा (आंघोळ, संडास, भांडी, कपडे सगळं मिळून). झाले ६०० लिटर. झाडांचं पाणी यात धरायचं नाही, त्याचा हिशोब वेगळा करायचा. नाहीतर आंब्याची कलमं घरातलं पाणी पिऊन टाकतात आणि फोन तुम्हाला येतो.

आता शिल्लक. लाइट नसलेल्या घरात तीन दिवसांचं पाणी हाताशी पाहिजे. ढग आले, पंप बिघडला, मिस्त्री गावाला गेला, काहीही होतं. ६०० गुणिले ३ म्हणजे १८०० लिटर. टाकी २००० लिटरची.

हे पाणी वर कसं चढवायचं? सोलर. इथे बहुतेक जण इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि घरातला नेहमीचा एसी पंप असा संच विकतात, कारण बिल मोठं होतं. पण एसी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. छोटा इन्व्हर्टर लगेच ट्रिप होतो. मग मोठा इन्व्हर्टर, मग मोठी बॅटरी. ग्राहकाचा खर्च फुगतो आणि काही वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली की तो तुमच्या नावाने बोटं मोडतो.

त्यापेक्षा हे बघा. १००० लिटर पाणी ३० मीटर उंच चढवायला कागदावर ०.०८ युनिट लागतं. पंप-मोटर-पाइपची गळती धरली तरी पाव युनिट पुरतं. एवढीशी गरज! चांगल्या उन्हात अर्धा एचपीचा डीसी सोलर पंप काकांचे ६०० लिटर तासाभरात वर टाकतो. पॅनल, कंट्रोलर, पंप. बॅटरीच नाही. म्हणून माझं वाक्य लिहून ठेवा : वीज बॅटरीत साठवू नका, पाणी टाकीत साठवा. ऊन असताना चढवायचं, रात्री-पहाटे उताराने आपोआप खाली येऊ द्यायचं.

पावसाळ्यात काय? तेव्हा छप्पर आहे. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. काकांचं पत्र्याचं छप्पर ७० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ३५०० लिटर, त्यातलं वीस टक्के वाया धरा, २८०० उरले. आपल्या पट्ट्यात जुलैमध्ये असे दिवस काही कमी नसतात. पन्हळ, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायचा कॉक, जाळी आणि घराशेजारी एक जमिनीवरची टाकी. एवढं सामान. मात्र "पावसाच्याच पाण्यावर वर्ष काढू" म्हणणाऱ्या ग्राहकाला गणित दाखवा. रोज २०० लिटर धरले तरी पावसानंतरच्या आठ महिन्यांना ४८,००० लिटर साठवण लागते. म्हणजे २००० लिटरच्या चोवीस टाक्या. विहीर किंवा बोअर सोडता येत नाही.

पिण्याच्या पाण्याचं एक : विहिरीचं पाणी आधी लॅबमध्ये तपासून घ्यायला सांगा, मगच फिल्टर विका. आरओला वीज लागते आणि बरंच पाणी वाया जातं. क्षार कमी असतील तर गुरुत्वावर चालणारा यूएफ फिल्टर पुरतो, त्याला वीज लागत नाही. क्षार जास्त असतील तर यूएफचा उपयोग नाही, तो क्षार काढत नाही. आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान ६० फूट लांब आहे का, हे स्वतःच्या पायांनी मोजा.

दुसरा हिशोब : उंची

१० मीटर उंची म्हणजे १ बार प्रेशर. म्हणजे १ मीटरला ०.१ बार. हे एक सूत्र आलं की अर्धं प्लंबिंग आलं.

गॅस गीझर पेटायला पाण्याचं किमान प्रेशर लागतं. किती ते गीझरच्या लेबलवर असतं, बऱ्याचदा ०.२ ते ०.३ बारच्या आसपास. आता टाकी स्लॅबवर ठेवली आणि ती शॉवरच्या वर जेमतेम दीड मीटर आली, तर प्रेशर मिळालं ०.१५ बार. गीझर टकटक करत बसणार, पेटणार नाही. ग्राहक म्हणणार, "तुमचा गीझर खराब आहे." गीझर बदलून दिलात तरी तेच होणार.

काकांचं नशीब चांगलं. घर उतारावर, त्यामुळे टाकी घराच्या वरच्या अंगाला, नळांपेक्षा ५ मीटर उंच बसली. अंतर ४० मीटर. हातात ०.५ बार. आता पाइप कोणता? एका वेळी शॉवर आणि किचनचा नळ चालू धरा, मिनिटाला २० लिटर. एवढं पाणी ४० मीटर सरळ पाइपातून नेताना साधारण इतकी उंची घर्षणात जाते :

– अर्धा इंची पाइप : जवळजवळ १० मीटर
– पाऊण इंची : अडीच मीटर
– एक इंची : पाऊण मीटरच्या आत

आपल्याकडे उंची आहे ५ मीटर. अर्धा इंची टाकला तर तेवढं पाणी येणारच नाही. पाऊण इंचीत निम्मं प्रेशर गेलं. एक इंचीत सगळं शाबूत. फरक थोड्या रुपयांचा, आणि पाइप एकदा जमिनीत गेला की पुन्हा उकरायचा खर्च तुमच्या डोक्यावर. टाकीतून निघाल्यावर पाइपला एअर व्हेंट द्या आणि लाइन एकसारखी उताराने न्या. मध्येच वर-खाली झाली की हवा अडकते आणि टाकी भरलेली असून नळ कोरडा.

पाइपाची जातही बघा. उघड्यावर उन्हातून जाणारी लाइन एचडीपीई. घरातलं गार पाणी यूपीव्हीसी. गरम पाण्याला फक्त सीपीव्हीसी. गीझरच्या तोंडाला यूपीव्हीसी जोडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, नूडल्ससारखा लोंबत होता.

तिसरा हिशोब : गॅस

एक बादली म्हणजे २० लिटर. २२ अंशांचं पाणी ४२ अंशांवर न्यायला, गीझरची थोडी उष्णता वाया जाते ती धरून, ४५ ते ५० ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोचा सिलिंडर फक्त आंघोळीला वापरला तर साधारण तीनशे बादल्या.

आमच्या घरी चौघांच्या स्वयंपाकाला एक सिलिंडर सव्वा महिना जातो, म्हणजे दिवसाला ३७० ग्रॅम. त्यात रोज चार बादल्यांचे १९० ग्रॅम घाला. ५६० ग्रॅम झाले. म्हणजे तोच सिलिंडर पंचवीस दिवसांत संपला. गावात ठीक आहे, गाडी दारात येते. डोंगरावर गाडी येत नाही, सिलिंडर तुम्हालाच वर न्यावा लागतो. म्हणून काकांना दोन गोष्टी सांगितल्या. दोन सिलिंडरचं कनेक्शन घ्या, एक संपला की त्याच आठवड्यात भरून आणा. आणि आंघोळीला सोलर वॉटर हीटर लावा, गॅस गीझर फक्त पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी. आठ महिने ऊन फुकट आहे.

सिलिंडरमध्ये किती उरलंय, ते हलवून कळत नाही. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. वजनकाट्यावर ठेवा, वजा करा. तिथेच A, B, C, D पैकी एक अक्षर आणि वर्ष असतं, ती तपासणीची मुदत. A म्हणजे जानेवारी ते मार्च, D म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत गेलेला सिलिंडर घेऊ नका.

काकू म्हणाल्या, "आमच्या सासरी तांब्याचा बंब होता, तो लावला तर?" लावा की! लाकूड शेतात आहे, अंगण मोकळं आहे. फक्त तो अंगणातच ठेवा. गोबरगॅसही विचारला त्यांनी. १ घनमीटर गॅसला रोज २५ किलो शेण लागतं, स्वयंपाक भागवायला चार-पाच जनावरं रोज दावणीला हवीत. जनावरं असतील तर उत्तम. नसतील तर नाद सोडा.

आणि एक नियम : घर पाहुण्यांना भाड्याने देणार असाल तर घरगुती सिलिंडर चालत नाही, कमर्शियल १९ किलोचा घ्यावा लागतो. आज ना उद्या बरेच जण फार्महाऊस भाड्याने देतात, म्हणून आधीच विचारा.

जागा : इथे तडजोड नाही

एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळला की वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि खड्ड्यात साचतो. म्हणून सिलिंडर घराबाहेर, सावलीत, सपाट ओट्यावर, उभा, जाळीच्या पिंजऱ्यात. जवळ पाण्याची भूमिगत टाकी, चेंबर, तळघर नको.

लाइट नसलेल्या घरांमध्ये एक चूक मी वारंवार पाहतो. एकच स्टोअर रूम असते. त्यात सोलरचा इन्व्हर्टर, दिव्यांची बॅटरी, आणि "जागा आहे ना" म्हणून सिलिंडर. इन्व्हर्टरमध्ये रिले पडते तेव्हा ठिणगी उडते. बॅटरी चार्ज होताना स्वतःही हायड्रोजन सोडते. ही खोली दिसली की मापं घ्यायच्या आधी सिलिंडर बाहेर काढायला सांगा.

शेगडीचा रबर होज सुरक्षा मार्काचाच, दीड मीटरपेक्षा लांब नाही, भिंतीतून नेलेला नाही, पाच वर्षांनी बदललेला. सिलिंडर बाहेर आणि शेगडी आत असेल तर मध्ये धातूची लाइन लागते. ती लाइन आपल्या प्लंबरने ओढायची नाही. एजन्सीच्या अधिकृत मेकॅनिककडून करून घ्या आणि त्याचं बिल ग्राहकाला वेगळं द्यायला सांगा. गळती तपासायची ती साबणाच्या फेसाने, काडी पेटवून कधीच नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, एकही बटण चालू-बंद करायचं नाही, बाहेर येऊन १९०६ वर फोन.

आता गीझर. हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं, कॅमेऱ्यासमोर जमलं नाही. लिहितो.

सात वर्षांपूर्वी मी एक गॅस गीझर विकला. मी सांगितलं, बाथरूमच्या बाहेर लावू. ग्राहक म्हणाला, "बाहेरच्या भिंतीवर डबा दिसतो, आत लाव. खिडकी आहे ना." मी एकदा नाही म्हणालो, दुसऱ्यांदा गप्प बसलो. नवीन दुकान, महिन्याचं टार्गेट, माणूस चांगला. आमच्या पोराने आत लावून दिला.

डिसेंबरात थंडी म्हणून खिडकी बंद. त्याची आई आंघोळीला गेली. आतून आवाज येईना म्हणून सुनेने दार ढकललं, कडी जुनी होती म्हणून निघाली. आई खाली पडलेली. बाहेर मोकळ्या हवेत आणलं, दवाखान्यात ऑक्सिजन लावला. वाचल्या. गॅस गळला नव्हता, म्हणून वासही नव्हता. बंद जागेत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस ओरडत नाही, बसल्या जागी झोपतो.

तो ग्राहक भांडला नाही. दुकानात आला आणि एवढंच म्हणाला, "तुला माहीत होतं ना?"

मला माहीत होतं.

त्यानंतर नियम केला. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, बाहेरच्या भिंतीवर, वर छोटी पत्र्याची छत्री, आणि सीपीव्हीसीची लाइन आत. दहा फूट अर्धा इंची लाइनमध्ये अर्धा लिटरही गार पाणी अडकत नाही, त्यामुळे "पाणी वाया जातं" ही सबब चालत नाही. ज्याला आतच हवाय त्याला मी गीझर विकत नाही. मागच्या महिन्यात असाच एक ग्राहक उठून गेला, गीझरसकट अख्ख्या बाथरूमचं बिल गेलं. वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. तरी विकला नाही.

आता कोटेशन

तीन हिशोब झाले की भाव काढायचा, आणि तो चार रकान्यांत : साहित्य, मजुरी, वाहतूक व फेऱ्या, चालू करून देणं. बहुतेक जण तिसरा रकाना विसरतात. समजा साहित्य ८०,००० रुपयांचं, तुमचं मार्जिन १२ टक्के, म्हणजे ९,६०० रुपये. डोंगरावरची एक जादा फेरी टेम्पो आणि प्लंबरचा अर्धा दिवस धरून समजा १,५०० ला पडते. एमटीए विसरला, युनियन कमी पडलं, रिड्युसर चुकीचा आला, अशा चार फेऱ्या झाल्या की ६,००० गेले. उरले ३,६००. त्यात उधारी राहिली तर काम फुकट केलंत.

यावर उपाय साधा आहे. आधी एक पाहणी फेरी, तिचे पैसे घ्यायचे आणि काम मिळालं तर बिलातून वजा करायचे. लाइनचं चित्र कागदावर काढायचं, प्रत्येक एल्बो, टी, एफटीए मोजायचा. आणि जाताना दहा टक्के जादा फिटिंगचा डबा न्यायचा, उरलेलं परत आणायचं.

काम संपलं की निघून यायचं नाही. प्रत्येक कॉकला पत्र्याची चिठ्ठी बांधा : "टाकी", "बाथरूम", "बाग". एक चित्र प्लॅस्टिकमध्ये घालून किचनच्या भिंतीवर लावा. घरात जो कायम राहतो, राखणदार असेल तर तो, त्याच्याकडून दोनदा सगळं बंद-चालू करून घ्या. आणि मे महिन्याची सर्व्हिस तिथेच ठरवा : टाकी धुणं, पन्हळ साफ करणं, होजची तारीख बघणं. ही दरवर्षीची कमाई आहे आणि त्या निमित्ताने ग्राहक तुमचा राहतो.

काकांचं काम झालं. त्यांनी अमेरिकेचा व्हिडिओ मोबाइलमध्ये अजून ठेवलाय, पण परवा काकूंनी फोन करून सांगितलं की नातवाला टाकी भरताना बघायला फार आवडतं, ऊन आलं की धावत वर जातो.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमचं मागचं एक काम घ्या, शक्यतो डोंगरावरचं किंवा मळ्यातलं. त्याचे तिन्ही हिशोब मागे जाऊन करा. टाकीची उंची किती मिळाली, पाइप कोणता टाकला, फेऱ्या किती झाल्या. आणि तिथे कुठे गॅस गीझर बाथरूमच्या आत लावला असेल, तर आजच फोन करा, जा, आणि स्वतःच्या खर्चाने बाहेर काढून द्या. बाकीचा गृहपाठ उद्या केलात तरी चालेल.